नेहमीचे चौदा

सोमवार, २

मॅडम आजपासून तीन आठवडे रजेवर. डोळ्यांचं ऑपरेशन. जाताना किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "काकू, सगळं तुमच्यावर टाकून चालले आहे. रोजचं रोज लिहून ठेवा." प्रयोगशाळेच्या वहीत लिहितेच आहे, पण तिथे नुसते आकडे आणि सह्या. ही वही घरची. ही मी कुणाला वाचून दाखवणार नाही, यांनासुद्धा नाही.

निवृत्तीला पाच महिने उरलेत आणि आता कुठे एकटीच्या हाती कारभार आला. देव देतो तेव्हा दात पडलेले असतात.

आज एका मुलीचं रक्त आलं. सात वर्षांची आहे. छातीत गाठ आहे, श्वासनळीला टेकलेली. औषधांनी निम्मी झाली, उरलेली किरणांच्या शेकानं जाळायची असं ठरलंय. चोवीस तारखेपासून शेक. शेकाचे डॉक्टर लहान मुलांच्या बाबतीत सावध असतात, आमचा कागद आल्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत. काही घराण्यांत रक्तातच एक खोट असते. तशा मुलाला नेहमीचा शेक दिला तर गाठीबरोबर चांगलं अंगही जळतं, आणि मूल हाताला लागत नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर किरणं सोडायची, दोन दिवस त्यांना उबेत ठेवायचं आणि मग किती पेशी आपणहून मेल्या ते मोजायचं. निरोगी माणसाच्या पेशीला कळतं की आपण आतून मोडलो, आता दुरुस्ती नाही. ती गुपचूप आवरतं घेते. खोट असलेल्यांच्या पेशींना हे कळतच नाही. त्या मोडक्याच तग धरून बसतात. यांना पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे जास्त मेल्या की पेशंट चांगला? उलटंच आहे तुमच्याकडे सगळं."

पेशंटच्या नळीसोबत एका धडधाकट माणसाची नळी लावावी लागते, तुलनेला. नऊ वर्षं ती नळी माझी. माझी शीर ठसठशीत, रजा क्वचित, आणि आकडा कधी हलत नाही. शंभरात चौदा. रंगाची बाटली बदलली, मशीन बदललं, बाई चौदावर. चष्मा (माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा, नाकापेक्षा चष्मा जड) मला मोजपट्टी म्हणतो. पेशंटचा आकडा माझ्या सत्तर टक्क्यांच्या खाली गेला तर धोका लिहायचा, हा नियमही माझाच. वर कितीही जाऊ दे. वरच जातो बहुतेकांचा, पंचवीस, तीस. औषधं खाऊन खाऊन पेशी आधीच खचलेल्या असतात, पटापट मरतात.

बुधवार, ४

मुलीचे अकरा, माझे चौदा. म्हणजे माझ्या एकोणऐंशी टक्के. "सामान्य मर्यादेत" असं लिहून सही केली. इतका माझ्या जवळचा आकडा किती दिवसांनी पाहिला. बिचारीच्या पेशी औषधांनीसुद्धा खचल्या नाहीत, चिवट आहे पोर, असं चष्म्याला म्हटलंही. तो नुसता चष्मा पुसत बसला.

कागद खाली द्यायला मीच गेले. बाकावर ती आणि तिची आई बसल्या होत्या. आई तिला चिमणी म्हणते. चिमणी पाणी प्यायला उठली आणि भिंतीला हात लावत लावत गेली, पाय फाकवून, जहाजावर चालतात तशी. आई म्हणाली, "औषधानं पाय लुळे पडलेत हो. डॉक्टर म्हणाले, होतं असं, जाईल." खरंच होतं, मी पाहिलंय. डोळेही लाल होते पोरीचे, रडून असतील.

मला आमच्या धाकट्याची आठवण झाली. तोही असाच भिंत धरून चालायचा. पण त्याची गोष्ट निराळी. त्याला मी पाडलं होतं.

सोमवार, ९

अंगात ताप. तरी गेले. नियमाप्रमाणे तापकरी माणसाचं रक्त तुलनेला चालत नाही. आज बाहेरच्या दवाखान्यातून एका मोठ्या माणसाची नळी आलीय, तीही थांबवता येत नव्हती. शेवटी नळ्या पोचवणाऱ्या गाडीवाल्याला धरला. त्याचं नाव आम्ही भोंगा ठेवलंय, कारण तो जिन्यातूनच आपण आल्याचं जाहीर करतो. सुई बघून एवढा धिप्पाड माणूस पांढराफटक पडला. "काकू, डोळे मिटू का?" म्हणाला. मी म्हटलं, मीट, पण तोंडही मीट.

बुधवार, ११

सगळं मुसळ केरात. भोंग्याचा आकडा एकतीस आलाय. पेशंटचा अठ्ठावीस.

निरोगी माणसाचा एकतीस कसा येईल? रंगाची नवी बाटली शुक्रवारी उघडली, तीच नासकी असणार. नाहीतर भोंगाच. त्याला बोलावून विचारलं, "काही गोळ्या घेतोस?" "नाही काकू." "पितोस?" "बायकोला विचारा." "तंबाखू?" तर म्हणाला, "काकू, मी चहासुद्धा सोडलाय, एवढं घालूनपाडून बोलायला मी काय तुमचा जावई आहे?" चष्मा हसला. मला हसू आलं नाही. पेशंटचा कागद रोखून धरलाय, दोन दिवस उशीर होईल म्हणून कळवलं.

गुरुवार, १२

पुन्हा सगळं लावलं. भोंगा, चष्मा आणि हट्टानं मीसुद्धा, ताप नव्व्याण्णववर आला होता म्हणून. तिन्ही नळ्या एकाच रंगात, एकाच उबेत. आता बघू कोण नासकं ते.

शनिवार, १४

भोंगा एकतीस. चष्मा एकोणतीस. मी चौदा.

मी म्हटलं, तापानं माझा आकडा खाली आला. चष्मा चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला. त्याला बिनचष्म्याचं मी पहिल्यांदा पाहिलं, वयानं बराच लहान दिसतो. हळू आवाजात म्हणाला, "काकू, तुमचे नेहमीचेच चौदा आहेत की."

मी त्याला नको नको ते बोलले. तुला इथे येऊन चार वर्षं झाली, मला शिकवायला निघालास, असं काहीबाही. तो उठून नळ्या धुवायला गेला. दोनदा धुतलेल्याच नळ्या परत धूत होता.

रविवार, १५

सुट्टी असून प्रयोगशाळेत गेले. यांना सांगितलं, कपाट आवरायचंय.

नऊ वर्षांपूर्वीची पहिली वही काढली. ही तपासणी सुरू केली तेव्हा आम्ही चाळीस धडधाकट लोकांचं रक्त घेतलं होतं, कारकून, शिपाई, परिचारिका, जे सापडतील ते. चाळीस आकडे माझ्याच अक्षरात आहेत. सव्वीस, तीस, तेहतीस, अठ्ठावीस. सतरा नंबरला पंधरा. त्यावर तांबड्या शाईची रेघ आणि पुढे लिहिलंय, "मोजणीत चूक, सोडून देणे." तेही अक्षर माझंच.

सतरा नंबर मी होते.

सरळ सरळ आठवतंय. एकोणचाळीस आकडे एका बाजूला आणि एक वेडावाकडा, म्हणून मी रेघ मारली. पुढच्या महिन्यात दर खेपेला नवं माणूस कुठून आणायचं असा प्रश्न आला तेव्हा म्हटलं, मी आहे की. चौदा आला, मग पुन्हा चौदा आला, आणि आकडा स्थिर म्हणून मॅडमनी पाठ थोपटली. त्या पहिल्या वहीकडे कुणी पुन्हा पाहिलं नाही. पेशंटच्या पेशी माझ्या दुपटीनं मरणाऱ्या निघाल्या तर त्यालाही माझ्याकडे कारण तयार होतं, औषधांनी खचलेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण ताप होता. तापाचं अजून खोटं ठरलेलं नाही. माझे चौदाच कमी असतील तर चिमणीचे अकरा सामान्य नव्हेत. उद्या ताप नसताना पुन्हा लावते. बुधवारी कळेल. चिमणीचा शेक चोवीसला आहे, दिवस हातात आहेत.

यांनी विचारलं, कपाट आवरलं का. म्हटलं, पसारा फार आहे.

सोमवार, १६

सकाळी ताप नाही. तीन नळ्या लावल्या, पुन्हा तेच तिघं. चष्म्यानं माझी सुई मारली.

दुपारी चिमणीची तारीख पक्की करून घ्यावी म्हणून खाली फोन केला. तिथल्या मुलीनं वही चाळून सांगितलं, "ती ना? मशीनवर जागा मोकळी झाली, तिला अलीकडे घेतलंय. उद्या सकाळी दहा."

फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. बुधवारशिवाय माझ्याकडे आकडा नाही. उभ्या जन्मात आकडा नसताना मी तोंड उघडलेलं नाही. आणि तोंड उघडून काय सांगायचं? की नऊ वर्षांचे चारशे बारा कागद मी ज्या पट्टीनं मोजले ती पट्टीच कदाचित वाकडी आहे? पाच महिन्यांनी हार घालून निरोप देणार होते मला. आणि हे सगळं तापाचं निघालं तर? पोरीचा शेक फुकट लांबवला म्हणून तोंड कुठे लपवू?

यांना सांगून टाकलं सगळं, जेवताना. हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "तुला खरं काय वाटतं? आकडा जाऊ दे."

मी म्हटलं, "मला वाटतं मी वाकडी आहे."

"मग उद्या नऊलाच जा," म्हणाले आणि भात वाढून घेतला.

मंगळवार, १७

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

नऊला खाली पोचले तर शेकाचे डॉक्टर राऊंडला. साडेनऊ, पावणेदहा. जाड दाराच्या आत चिमणीला टेबलावर निजवलेलं दिसलं, छातीवर जांभळ्या शाईच्या फुल्या. मला बघून म्हणाली, "तुम्ही सुई टोचणार?" मी म्हटलं, आता नाही. डॉक्टर आले तशी मी दारात उभी राहिले, हो, आडवी उभी राहिले.

"डॉक्टर, हिला शेक देऊ नका. माझा कागद चुकलाय."

ते घाईत होते, पण माणूस सज्जन. फाईल उघडून दाखवली. "काकू, ही तुमची सही आहे. सामान्य लिहिलंय."

"सही माझीच. तुलना चुकली. मी तिला माझ्याशी ताडून पाहिलं."

"मग?"

"मीच बहुतेक निरोगी नाही."

त्यांनी मला टेबलापासून लांब, कोपऱ्यात नेलं. "आकडा दाखवा."

"आकडा उद्या येईल."

"काकू," ते म्हणाले, आणि आता आवाज खाली होता, "गाठ श्वासनळीला टेकलीय. कालपासून पोरीला आडवं झालं की धाप लागते, म्हणून तर अलीकडे घेतलं. मी थांबलो आणि ती फुगली तर? तुमच्या एका 'बहुतेक'साठी?"

मी म्हटलं, "आणि तुम्ही दिलात आणि माझं खरं निघालं तर?"

ते चिमणीकडे बघायला लागले. तेवढ्यात मी तोंडात येईल ते सांगितलं. ती भिंत धरून चालते, तिचे डोळे लाल असतात, रक्तात ती खोट असलेली मुलं अशीच असतात, तुम्ही म्हणता औषधानं, पण औषध सुरू व्हायच्या आधी ती कशी चालत होती हे तिच्या आईला विचारलंय का कुणी? त्यांनी आईला आत बोलावून विचारलं. ती आठवून आठवून म्हणाली, "आधीपासूनच जरा धडपडी आहे. शाळेत तिला लंगडीला घेत नाहीत." डॉक्टरांनी फाईल मिटली.

"आत्ता पुन्हा रक्त घ्या. गुरुवारी बारापर्यंत. बारा वाजून एक मिनिटाला मी मशीन सुरू करीन."

तर चिमणीला सुई मीच टोचली. "नाही म्हणाला होतात," म्हणाली. मी कापूस दाबून धरला. तिची आई माझ्याकडे अशी बघत होती जशी मी तिच्या पोरीच्या तोंडचा घास काढून घेतलाय.

बुधवार, १८

भोंगा तीस, चष्मा एकोणतीस, मी चौदा. ताप नव्हता.

चष्मा म्हणाला, "काकू, बसा." मी उभीच राहिले. मॅडमना घरी फोन केला. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी, फोन त्यांच्या सुनेनं कानाला लावून दिला. सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "काकू, घरात कुणाला तोल जाण्याचा त्रास होता?"

"नाही," म्हटलं. "म्हणजे धाकट्याला होता, पण त्याला मी पाडलं होतं. मी सहा वर्षांची, तो दीडचा. कडेवर घेऊन जिना उतरत होते. तेव्हापासून त्याचं चालणं बिघडलं."

"डोळे कसे होते त्याचे?"

"लाल. आई म्हणायची, धूळ जाते."

"गेला कशानं?"

"मानेत गाठ आली होती. चौदाव्या वर्षी. शेक दिला." पुढचं फोनवर सांगितलं नाही, इथे लिहिते. धाकट्याची मान, खांदे, पाठ, सगळं भाजून निघालं होतं. आई ओला कपडा ठेवायची तर कातडं कपड्याबरोबर यायचं. तिसऱ्या आठवड्यात गेला. आजार पुढे गेला होता, असंच सगळे म्हणाले, डॉक्टरसुद्धा. मी या कामाला लागले ती त्याच्यामुळे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "काकू, पडल्यानं असं होत नसतं." आणि मग, "उद्याचा आकडा मला लगेच कळवा."

चिमणीला वर वॉर्डात ठेवलंय. दोनदा जाऊन आले. ऑक्सिजन लावलाय, बसूनच झोपते. शेकाचे डॉक्टर जिन्यात भेटले, घड्याळ बघत पुढे गेले. आकडा खाली आला तर पोर वाचेल आणि वर आला तर मी तिचे दोन दिवस घालवले. कोणता मागू तेच कळत नाही. कमी आला तर तिला तो आजार आहे, हे मला कळतं.

गुरुवार, १९

नऊ वाजता नळी काढली. चष्म्याला म्हटलं, तू मोज, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यानं मोजलं, मग मी मोजलं, मग अदलाबदल करून पुन्हा.

दहा.

भोंगा-चष्म्याच्या एक तृतीयांश. माझ्याही खाली.

साडेदहाला कागद लिहिला. "यापूर्वीचा अहवाल चुकीच्या तुलनेवर आधारित होता, तो रद्द समजावा. किरणांना तीव्र संवेदनशील. नेहमीचा शेक देऊ नये." खाली सही केली, पूर्ण नावानं. स्वतः घेऊन गेले. डॉक्टरांनी उभ्या उभ्या वाचला, मशीनवरच्या माणसाला सांगितलं, "हिला यादीतून काढ," आणि दुसरी औषधं सुरू करायला औषधांच्या डॉक्टरांना फोन लावला. मला म्हणाले, "मी मंगळवारी दिला असता."

"मी बुधवारी, चार तारखेला, द्या म्हणून लिहून दिलं होतं," मी म्हटलं.

आनंद व्हायला हवा होता. बाथरूममध्ये जाऊन रडले.

शुक्रवार, २०

चारशे बारा कागद, चष्मा आणि मी. ज्यांचा आकडा माझ्या आसपास होता ते वेगळे काढले. चिमणी सोडून चार निघाले. मॅडमच्या सांगण्यावरून चारही दवाखान्यांना कळवलं. दोघांचा शेक ठरूनही काही कारणानं झाला नव्हता. एकाचा झाला, तो मुलगा आहे, त्याच्या पायाची जखम दोन वर्षं भरत नाही. चौथी बाई होती. ती शेकाच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. आजार पुढे गेला होता, असं त्यांच्या वहीत आहे.

तिचं वय बेचाळीस. एवढंच मला माहीत आहे तिच्याबद्दल, आणि सही माझी. मॅडम म्हणतात, चूक सगळ्यांची, मीही पाहिलं नाही. त्यांचं मन मोठं. पण रेघ मी मारली होती.

शनिवार, २१

ताईला फोन केला. ती थोरली, धाकटा पडला तेव्हा अंगणात होती. पन्नास वर्षं घरात कुणी आजारी पडलं की ती गोष्ट ती पुन्हा सांगते. सांगते म्हणजे माझ्यावर राग नाही तिचा, सवय आहे.

मी म्हटलं, "ताई, धाकट्याला रक्तातला आजार होता. आईबाबांकडून आलेला. मलाही त्यातला अर्धा आहे, तुलाही असेल, तपासून घे."

"अगं पण तू पाडलंस ना त्याला? मी पाहिलंय डोळ्यांनी."

"पाडलं. पण त्यानं काही झालं नव्हतं."

पलीकडे तिनं पंखा बंद केला. मग म्हणाली, "आई जाईपर्यंत तुझ्याशी नीट बोलली नाही गं."

"हो."

"आता कुणाला सांगायचं हे?"

"तुला सांगितलं ना," मी म्हटलं. आईवर राग आला मला, मेलेल्या माणसावर, आणि तो अजून गेलेला नाही.

गुरुवार, १६

महिना उलटत आला. वहीला हात लावला नव्हता. चौकशी झाली, ताकीद मिळाली, नियम बदलला. आता तुलनेला दर खेपेला तिघं वेगळे. माझं रक्त आता फक्त मला लागतं. जनुकांचा कागद परवा आला. चिमणीला दोन्हीकडून खोट आलीय. मला एकीकडून.

नव्या औषधांनी तिची गाठ सुपारीएवढी उरलीय. आज तिला घरी सोडलं. शेकाच्या विभागात सगळे माझं कौतुक करतात, काकूंनी पोर वाचवली म्हणून. मला ते ऐकवत नाही.

दुपारी तिची आई चिमणीला घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली. मी उठले, खुर्ची दिली. तिला वाटलं तर शिव्या देऊ दे, ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. चिमणी चष्म्याच्या टेबलाशी जाऊन नळ्यांची रंगीत झाकणं दाखवून त्याला विचारायला लागली, की या सगळ्या तुझ्या गोट्या आहेत का.

आई म्हणाली, "मॅडमनी सगळं समजावलं. म्हणाल्या, पाय औषधानं नव्हतेच गेले. अजून जाणार. मग हात, मग बोलणं."

मी मान हलवली.

"सगळे म्हणतात तुमच्यामुळे वाचली. खरं असेल." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पण मी रोज सकाळी उठते तेव्हा मला वाटतं, पहिला कागद खरा असता तर. त्यात सामान्य लिहिलं होतं. मला तो हवा होता हो."

"मलाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी तिला माझ्या भावाबद्दल सांगितलं असावं, कारण ती म्हणाली, "तुमचा भाऊ किती वर्षांपर्यंत चालत होता?"

खोटं बोलावंसं वाटलं. पंधरा म्हणावं, वीस म्हणावं. पण तो चौदाला गेला हे तिला माहीत असणार, आणि चुकीचे आकडे मी पुरेसे देऊन झाले होते. "साडेअकरा. शेवटचं वर्ष धरून धरून. पण सगळ्यांचं सारखं नसतं, तेव्हा व्यायाम वगैरे काही माहीत नव्हता, आता बरंच काही करतात."

"साडेअकरा," ती म्हणाली. बोटांवर मोजलं. "म्हणजे साडेचार वर्षं."

"जास्तही असतील."

"साडेचार धरते." ती उठली, पिशवी खांद्याला लावली, मुलीला हाक मारली. मी लिफ्टचं बटण दाबायला पुढे झाले, तर म्हणाली, "नको, लिफ्ट नको. जिन्यानं नेते."

मी म्हटलं, "तीन मजले आहेत."

"असू देत," म्हणाली. चिमणीनं एका हातानं कठडा धरला, एका हातानं आईचा हात, आणि दोघी एकेक पायरी मोजत खाली निघाल्या. मी वरून ऐकत होते. पंचावन्नपर्यंत ऐकू आलं.